एक वाजून सात मिनिटं

२० ऑगस्ट २००६, संध्याकाळ. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावरच्या बेंब्रिजहून ‘ऊझो’ निघते. जेमतेम पावणेआठ मीटरची शिडाची यॉट, तिच्यावर तिघं. डार्टमथची रेगाटा, म्हणजे नौकांची शर्यत, गाठायची आहे. अंगावर लाइफजॅकेट आहेत, लाइफराफ्ट नाही.

रात्री. ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ पोर्ट्समथहून स्पेनकडे निघते. १७७ मीटर लांब, ३७ हजार टनांवरची फेरीबोट.

२१ ऑगस्ट, एकच्या पुढे. दृश्यमानता चांगली आहे, समुद्र अंधारा. फेरीचा वेग सुमारे १९ नॉट, म्हणजे एक सागरी मैल तीन मिनिटांत. एवढ्या लहान यॉटचा लाल किंवा हिरवा दिवा एक मैलावरून दिसला तरी नियमात बसतो. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी हातात तीनच मिनिटं. त्यात वाऱ्याने यॉट कलते, तिच्याबरोबर डोलकाठीवरचा दिवाही कलतो आणि उजेड भलतीकडे जातो. फेरीच्या ब्रिजवरच्या रडारवरही यॉट कुणाला दिसलेली नाही. टेहळणीवरच्या खलाशाच्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत. अशा काचा रात्रीही थोडा उजेड अडवतात.

१.०७. खलाशाला अगदी समोर दिवे दिसतात. ब्रिजवरचा अधिकारी तातडीने जहाज वळवतो.

पुढची काही मिनिटं. यॉट सुखरूप मागे राहिली, अशी अधिकाऱ्याची समजूत होते. रेडिओवर हाक नाही, तटरक्षकांना निरोप नाही. मला सर्वांत जास्त सलतात ती हीच मिनिटं. अंधारात लहान नौका उशिरा दिसणं समजू शकतं. पण दिसल्यावर तिची विचारपूस करायला एक हाक पुरली असती.

पहाट. यॉटवरचे तिघं पाण्यात आहेत. अंदाजे तीन तासांनी दोघांचा अंत होतो. तिसरा जवळपास बारा तास, पार दुपारपर्यंत, तग धरून असतो. या सगळ्या वेळात शोध सुरूच नाही, कारण काही बिघडलंय हेच कुणाला ठाऊक नाही.

२२ ऑगस्ट. पहिला मृतदेह सापडतो. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. ‘ऊझो’ कधीच सापडत नाही.

२००७. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचा निष्कर्ष येतो: फेरीने यॉटला धडक तरी दिली, नाहीतर इतक्या जवळून गेली की तिच्या लाटांनी यॉट बुडाली. सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात अधिकारी निर्दोष सुटतो. लहान नौका रडारवर उठून दिसावी म्हणून तिच्यावर रडार रिफ्लेक्टर लावतात; विभाग बाजारातले असे रिफ्लेक्टरही तपासून घेतो. यॉट कलली की त्यांतल्या बऱ्याच रिफ्लेक्टरांची कामगिरी घसरते, आणि यॉटवर सर्रास दिसणारा बारीक नळीचा प्रकार तर कामाचाच नाही, असं निघतं.