पडद्यावरचं टर्मिनल: खरं किती?

टीव्हीतला हॅकर आठवा. धडाधड कीबोर्ड बडवायचा, हिरवे आकडे पळायचे, दहा सेकंदांत बँक उघडी! पण २००३च्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ या सिनेमात ट्रिनिटी चक्क एनमॅप चालवते. कुठलं पोर्ट उघडं आहे हे शोधणारं हे सॉफ्टवेअर १९९७पासून फुकट मिळतं. तिला २२ नंबरचं पोर्ट सापडतं आणि ती एसएसएचमधल्या त्रुटीतून आत शिरते. ही त्रुटी खरी होती, २००१ सालीच उघड झालेली.

मालिकांमध्ये हा खरेपणा नीट मुरला तो २०१५मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन ‘मिस्टर रोबॉट’मध्ये. मी तर एपिसोड थांबवून थांबवून टर्मिनल वाचत बसायचो! काली लिनक्स आहे, गाण्यांत फायली दडवणारं डीपसाउंड आहे. बॅकअपच्या टेप तापवून बाद करण्यासाठी एलियट थर्मोस्टॅटमागे रास्पबेरी पाय बसवायला निघतो, तेही खरं हार्डवेअर.

पण माझ्या मते खरी गंमत त्या इमारतीत शिरण्यात आहे. एलियट तिथल्या एका कर्मचाऱ्याचा एकटेपणा हेरून त्याला शब्दांनी पार मोडून टाकतो. त्याच्या जागी आलेल्या अधिकारी बाईंना वाटेतून हटवायला नवरा हॉस्पिटलमध्ये असल्याचा खोटा एसएमएस जातो. त्यासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर खरं आहे, सोशल-इंजिनिअर टूलकिट. कुलूप मात्र बाईंच्या काळजीनं उघडतं.

संदर्भ म्हणून हा प्रसंग घेणार असाल, तर स्क्रीनवरच्या कमांडइतकाच तो एसएमएसही टिपून ठेवा.