शिक्षकी पेशा : मान आणि मानधन



गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मोठेपणी कोण होणार?" डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए., पोलीस अधिकारी अशी उत्तरे आली. शेवटी एक मुलगी उठली व म्हणाली, "सर, मला शिक्षिका व्हायला आवडेल. पण अब्बा म्हणतात, त्यात काय ठेवलंय?" वर्ग हसला, मीही हसलो. परंतु कात्रपला घरी परतताना तो प्रश्न काही माझी पाठ सोडीना. खरेच, या पेशात काय ठेवले आहे? मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा उत्तरही इतिहासातच शोधावे असे ठरविले.

आपल्याकडे सरकारी शाळा येण्यापूर्वी गावात पंतोजी असत, मकतबात मौलवीसाहेब असत. त्यांचा निर्वाह पालक देतील त्या धान्यावर व किरकोळ फीवर चाले. मान होता, पण पोट दुसऱ्याच्या हातावर होते. मानाचे आणि पोटाचे हे भांडण तेव्हापासूनचे आहे.

1848 साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. मुलींना व शूद्रातिशूद्रांना शिकविणे हा त्या काळी अपराध मानला गेला, आणि 1849 मध्ये या दांपत्याला घर सोडावे लागले. त्या वेळी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी आपल्या घरात त्यांना आसरा दिला. त्यांच्या भगिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख याही फुल्यांच्या शाळांत शिकवू लागल्या.

ऑक्टोबर 1856 मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावी माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाबींचा उल्लेख आहे. कामाचा सारा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे. याच 1856 साली आपल्या बदलापुरावरून खोपोलीच्या दिशेने रेल्वे सुरू झाली. रेल्वेचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो. एका शिक्षिकेने दुसरीबद्दल वाहिलेली काळजी मात्र आपल्या मुलांना सांगायची राहून जाते. वर्ग सांभाळणाऱ्या सोबतिणीची जाण ठेवणे, हीदेखील या पेशाची परंपरा आहे.

पुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन मांडले. त्यात त्यांनी शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न रोखठोक घेतला आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात तो 15 ते 20 रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंद ठेवणे, टपालाचे काम पाहणे अशी कामे शिक्षकाकडे दिल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले होते. याच आयोगाने मुसलमान शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, जेथे गरज असेल तेथे, स्वतंत्र वर्ग काढण्याची शिफारस केली. समाजाला शाळा हव्या असतील तर आधी समाजातून शिक्षक तयार झाले पाहिजेत, हे त्या काळीही ओळखले गेले होते. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करण्यात पुढाकार घेतला, त्यामागेही हीच तळमळ होती.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (1964-66) शिक्षणाचा दर्जा सर्वांत अधिक शिक्षकावर अवलंबून असल्याचे सांगितले. परंतु खाजगी शाळेतील शिक्षकाची नोकरी चालकांच्या मर्जीवर असे. डिसेंबर 1977 मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप सुरू झाला, त्यात शिक्षकही उतरले. त्याच सुमारास खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा झाला व 1981 मध्ये त्याची नियमावली आली. चौकशीवाचून कायम शिक्षकाला काढता येईना. अन्याय झाल्यास शाळा न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येऊ लागले. हा चढ होता.

उतारही फार लांब नव्हता. 2000 साली शिक्षण सेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. कायम विनाअनुदानित शाळांतून हजारो शिक्षक वर्षानुवर्षे अनुदानाची वाट पाहत राहिले. 2009 मध्ये 'कायम' हा शब्द निघाला, पण शब्द निघाला म्हणून लगेच पगार आला नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून नेमलेल्यांची जुनी पेन्शनही गेली. शिक्षण सेवकाचे मानधन 2023 मध्ये वाढून प्राथमिकला 16,000 व माध्यमिकला 18,000 रुपये झाले.

मीही बी.एड. झाल्यावर पहिली चार वर्षे एका विनाअनुदानित शाळेत काढली. मानधन दोन-तीन महिन्यांनी हाती येई, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नसे. एका सुट्टीत मी मामेभावाच्या किराणा दुकानात वजनकाट्यावर उभा होतो. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील दुकानात आले. मी ओशाळून मान खाली घातली. त्यांनी मुलाला पुढे केले, "सरांना सलाम कर" म्हणाले, आणि मगच साखर मागितली. त्या वर्षी मी ही नोकरी सोडण्याच्या विचारात होतो. सोडली नाही.

मान मिळतो तसा जाबही द्यावा लागतो. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या बदलापुरात एका शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि 20 ऑगस्टला संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्यानंतर कित्येक दिवस फाटकाशी मुलांना सोडणाऱ्या आयांच्या नजरेत आम्हा सर्वांसाठी एक प्रश्न असे. त्या प्रश्नाचा आम्हाला राग येता कामा नये. पोटचे लेकरू जो विश्वासाने सोपवितो, त्याला विचारण्याचा हक्कच आहे.

पालकहो, या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. पगार सरकार देते, कधी वेळेवर, कधी उशिरा. पण शिक्षकाला उभे ठेवतो तो त्याच्या पाठीशी असलेला समाज. पुण्यात उस्मान शेखांनी दार उघडले नसते तर फुले दांपत्याची वाट किती खडतर झाली असती! आपल्याकडून आज कोणी घर मागत नाही. पालकसभेला या, उणीव दिसली तर तोंडावर सांगा, परंतु मुलांदेखत शिक्षकाची टिंगल करू नका. आणि आपल्या हुशार मुलामुलींपैकी एखादे या पेशाकडे वळत असेल, तर त्याला अडवू नका.

त्या मुलीच्या अब्बांना माझे हेच सांगणे आहे. त्यात पैसा फारसा ठेवलेला नाही, हे खरे. पण उद्या तुमच्या नातवंडांना शिकवायला कोणीतरी हुशार हवेच ना? ती तुमचीच मुलगी असू द्या.