श्वसनसंसर्ग, बालकांतील तीव्र

नाक, घसा, श्वासनलिका किंवा फुप्फुसे यांना विषाणू वा जिवाणूंमुळे अचानक होणारा संसर्ग. पाच वर्षांखालील मुलांत तो सर्वांत अधिक आढळतो. बहुतेक वेळा तो साधे सर्दी-पडसे असतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. अशा वेळी प्रतिजैविक देऊन काही साधत नाही. संसर्ग फुप्फुसांत उतरला की मात्र न्यूमोनिया होतो, आणि त्यात गेलेला एक दिवसही जिवावर बेतू शकतो.

साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक श्वास मोजून कळतो. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हे अधिक गंभीर लक्षण. माळव्यातल्या आया याला ‘पसली चलना’ म्हणतात, मराठी घरांत ‘पोट उडतंय’ असे म्हणतात.

हे मोजमाप गावातली माणसे करू शकतात, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988-89 मध्ये 58 गावांत आरोग्यसेवक, निमवैद्यकीय कार्यकर्ते आणि पारंपरिक दाया यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देण्यास शिकवले; तुलनेसाठी 44 गावे होती. या माणसांनी उपचार केलेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के राहिले, तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के होते. हे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. निरक्षर दायांना साठपर्यंत मोजणे अवघड जाई. त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे यंत्र बनवले गेले: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्याशी पोचले की न्यूमोनिया. बालआरोग्यात याहून मोलाचे साधन क्वचितच घडले असेल.

उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाने स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेसह प्रतिजैविकांच्या वापराचा अभ्यास केला आहे. औषधाच्या चुकीच्या वापराचा प्रश्न आपल्या प्रत्येक शहराचा आहे: साध्या पडशाला औषधाचा मारा होतो, तर खरा न्यूमोनिया घरीच अंगावर काढला जातो. त्याहून क्रूर म्हणजे उपचार म्हणून बाळाला तापल्या लोखंडाने डागणे. मध्य प्रदेशातील शहडोल भागात आणि मेळघाटात असे प्रकार घडले आहेत. त्याने आजार बरा होत नाही, जखम मात्र वाढते.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, चुलीच्या व विडीच्या धुरापासून दूर ठेवणे, गोवर, हिब आणि न्यूमोकोकल लस हे प्रतिबंधाचे उपाय होत. न्यूमोकोकल लस मध्य प्रदेशात 2018 पासून, तर 2021 पासून देशभर शासकीय केंद्रांत मोफत मिळते. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत ती द्यावी.

मूल दूध घेईनासे झाले, ओठ निळे पडले, झटका आला किंवा ते मलूल झाले, तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.