लढाई-कृती साधन (व्यूहखेळ)

लढाई-कृती साधन हे व्यूहरचनेच्या संगणकीय खेळांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटाला हल्ल्याची आज्ञा देता यावी म्हणून पुरवलेले साधन होय. कोणत्या तुकडीने कोणत्या लक्ष्यावर आणि कशा प्रकारे हल्ला करावा एवढेच एजंट ठरावीक नमुन्यात कळवतो. आज्ञा नियमात बसते का हे तपासणे, लढाईचा निकाल काढणे आणि तो परत कळवणे ही कामे खेळाचे इंजिन करते.

खेळात अंगभूत असलेल्या संगणकीय प्रतिस्पर्ध्याला अशा साधनाची गरज नसते. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) या खेळात खेळाडूने मराठा राज्य निवडले नाही, तर ते संगणक चालवतो, पण तो इंजिनाचाच एक भाग असतो. बाहेरून येणाऱ्या एजंटाला मात्र दार लागते, आणि त्या दाराची रचना कशी आहे यावर त्याचा खेळ बराच अवलंबून असतो.

चाल आणि हल्ला

हल्ला ही स्वतंत्र आज्ञा असावी की चालीचाच प्रकार, हा या साधनाच्या रचनेतील पहिला प्रश्न आहे. बुद्धिबळात तो कधी उद्भवला नाही. नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर झालेल्या ‘युनिव्हर्सल चेस इंटरफेस’ या संकेतात मोहरा कोठून कोठे गेला एवढेच लिहितात. तेथे शत्रूचे मोहरे असेल तर ते मारले जाते, त्यासाठी वेगळी खूण नसते. दोन्ही खेळाडूंना संपूर्ण पट दिसत असल्यामुळे यात धोका नाही. ज्या खेळांत पटाचा मोठा भाग अंधारात असतो आणि शेजारी राज्याशी तहही असू शकतो, तेथे हीच पद्धत घातक ठरते. एजंट तुकडीला पुढे जायला सांगतो आणि नकळत हल्ला होऊन बसतो. म्हणून अशा खेळांत हल्ल्याची आज्ञा निराळी ठेवणे अधिक सुरक्षित.

तपासणी

आज्ञा आल्यावर तुकडी आपलीच आहे का, तिच्या चाली शिल्लक आहेत का, लक्ष्य दिसते आणि पल्ल्यात आहे का, त्या पक्षाशी युद्ध चालू आहे का, हे पाहिले जाते. महाराष्ट्रातही खेळल्या जाणाऱ्या वाघ-बकरीच्या खेळात याचे साधे रूप दिसते: वाघ बकरीवरून सरळ रेषेत उडी मारतो, पण तिच्या पलीकडचे घर रिकामे असेल तरच. केवळ ‘हल्ला अशक्य’ एवढे उत्तर एजंटाच्या उपयोगाचे नाही. पलीकडचे घर भरलेले आहे हे कळले तरच तो दुसरी बकरी शोधेल. कारण न सांगता नकार देणाऱ्या साधनापुढे भाषिक प्रारूपावर चालणारे एजंट तीच आज्ञा पुन्हापुन्हा देत राहू शकतात.

निकालाचे गणित

‘फ्रीसिव्ह’ हा मुक्तस्रोत खेळ डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी रचला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील लढाई फेऱ्याफेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरी जिंकण्याची शक्यता म्हणजे हल्लेखोराचे बळ भागिले दोन्ही बळांची बेरीज. हत्तीदलाचे हल्ल्याचे बळ ४ आहे. भालाईतांच्या ‘फॅलँक्स’ तुकडीचे बचावाचे बळ २ असते, ती तटबंदी करून बसली की ते दीडपट म्हणजे ३ होते. त्यामुळे हत्तीदल एक फेरी ४/७, म्हणजे सुमारे ५७ टक्के शक्यतेने जिंकते. दोघांचीही प्राणशक्ती १० असल्याने दहा फेऱ्या आधी जिंकणारा उरतो, आणि संपूर्ण लढाई जिंकण्याची शक्यता ७३ टक्क्यांच्या आसपास जाते. फेरीतील थोडी आघाडी लढाईत मोठी होते, ही गोष्ट नुसत्या आकड्यांवरून सहज लक्षात येत नाही.

तरीही चारांतून सुमारे एकदा हत्तीदल नष्ट होतेच. साधनाने फक्त ‘पराभव’ एवढेच कळवले, तर योग्य निर्णय चुकीचा होता असा समज एजंट करून घेण्याची भीती असते. यावर उपाय म्हणजे शक्यता विचारण्याचे आणि प्रत्यक्ष हल्ल्याचे साधन वेगळे ठेवणे. पहिल्याने पट बदलत नाही, दुसरे मागे घेता येत नाही.

प्रत्यक्ष वापर

डीपमाइंड आणि ब्लिझर्ड यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’साठी संशोधनाची साधने खुली केली. त्यांतील ‘पायएससी२’मध्ये एजंटाला त्या क्षणी शक्य असलेल्या कृतींची यादी मिळते, हल्ल्याच्या आज्ञेसोबत पडद्यावरील स्थान आणि ती लगेच पाळायची की रांगेत ठेवायची हे सांगावे लागते. मोकळ्या जमिनीवर हल्ल्याची आज्ञा दिल्यास तुकडी वाटेत भेटेल त्या शत्रूशी लढत पुढे जाते. डीपमाइंडचा ‘अल्फास्टार’ २०१९ मध्ये या खेळात ग्रँडमास्टर श्रेणीपर्यंत पोहोचला. मानवी हाताला अशक्य असा वेग त्याच्या यशाचे कारण ठरू नये म्हणून त्याच्या आज्ञांच्या वेगावर मर्यादा घातली होती. फ्रीसिव्हवर आधारलेली ‘सिव्हरेल्म’ ही चाचणी-व्यवस्था २०२४ मध्ये आली. ती संख्यात्मक आणि भाषिक अशा दोन्ही प्रकारच्या एजंटांसाठी आहे.

खेळाबाहेर

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या दार्पा संस्थेने घेतलेल्या आभासी हवाई लढतींत हेरॉन सिस्टिम्सच्या प्रणालीने एफ-१६च्या अनुभवी वैमानिकाला ५-० असे हरवले. हल्ल्याची आज्ञा अखेरीस कोणी द्यावी हा प्रश्न त्यामुळे खेळापुरता राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वयंचलित घातक शस्त्रांविषयीचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधातील चार देशांत भारत होता. या विषयाची चर्चा विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या जिनिव्हातील कराराच्या चौकटीतच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे.