लहान जलसाठ्यांतील जलव्यय

गावतळी, पाझर तलाव, शेततळी, नालाबंधारे अशा लहान साठ्यांतील पाणी वापरात येण्यापूर्वीच दोन वाटांनी कमी होते : पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आणि तळातून किंवा भरावातून होणारा पाझर. या घटीस जलव्यय म्हणतात. लहान साठे उथळ असतात व पाण्याच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून त्यांतील व्ययाचे प्रमाण मोठ्या धरणांपेक्षा अधिक असते. सोलापूर, बीड, सांगलीचा पूर्वभाग अशा अवर्षणप्रवण प्रदेशांत पावसाळ्यानंतरचे सात-आठ महिने साठ्यावरच काढावयाचे असल्याने ही घट विशेष जाणवते.

बाष्पीभवन

ऊन, वारा आणि हवेतील कोरडेपणा यांवर बाष्पीभवनाचा वेग अवलंबून असतो. तो मोजण्यासाठी सुमारे १.२२ मीटर व्यासाचे उघडे पात्र वापरतात. पात्रातील पाणी जलाशयापेक्षा लवकर तापत असल्याने आलेल्या आकड्यास साधारणतः ०.७ ने गुणतात. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद शेततळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर भरतो. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडाले, तर ७,२०० लिटर पाणी गेले असे होते.

यावरील सर्वांत खात्रीचा उपाय आखणीतच असतो. ३,००० घनमीटर पाणी सरासरी दीड मीटर खोलीत साठविल्यास २,००० चौरस मीटर पृष्ठभाग उघडा पडतो. खोली तीन मीटर केल्यास तो निम्मा होतो. साठ्याचे कप्पे पाडून, पाणी उतरू लागताच ते एकाच कप्प्यात एकवटणे हा त्याच तत्त्वाचा दुसरा प्रकार होय. वाऱ्याच्या दिशेस झाडांची रांग लावतात. मात्र भरावावर झाडे वाढू देऊ नयेत, कारण मुळांच्या वाटेने गळती सुरू होते.

पाण्यावर सीटिल ॲल्कोहॉलचा अत्यंत पातळ थर पसरविण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात विल्यम मॅन्सफील्ड यांनी १९५० च्या दशकात केले. वाऱ्याने हा थर फाटतो व पुनःपुन्हा टाकावा लागतो. लॉस एंजेलिस जलाशयात २०१५ मध्ये सुमारे ९ कोटी ६० लाख काळे प्लॅस्टिक गोळे सोडले गेले. त्यांचा मुख्य हेतू पाण्याची गुणवत्ता राखणे हा होता, बाष्पीभवन रोखणे हा जोडलाभ. ही गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते.

पाझर

भरावाच्या मध्यभागी काळ्या मातीचा कुटलेला गाभा आणि त्याखाली अभेद्य थरापर्यंत नेलेली चर ही मातीच्या बांधांतील रूढ योजना आहे. मुरमाड जागी तळाला चिकणमाती किंवा प्लॅस्टिकचे अस्तर द्यावे लागते. गाळ काढल्याने खोली वाढते. परंतु उपसताना तळाचा चिकण थरही खरवडला गेल्यास साठा गळू लागतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत गळती मुख्यतः बरग्यांच्या फटींतून होते, आणि पावसाळा सरताना बरगे वेळेवर न बसविल्यास अडवावयाचे पाणीच निघून गेलेले असते.

पाझर हा मात्र नेहमीच नाश नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात मोठ्या संख्येने बांधलेल्या पाझर तलावांचा उद्देशच खालच्या बाजूच्या विहिरींना पाणी पोहोचविणे हा आहे. तेथे अस्तर घालणे म्हणजे तलावाचे प्रयोजन नाहीसे करणे होय. बाष्पीभवनाने उडालेले पाणी मात्र गावास परत मिळत नाही.

शेततळ्यांचा प्रश्न

शेततळ्याची मूळ कल्पना शेतातील वाहते पाणी साठविण्याची आहे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे त्यांचा प्रसार वाढला. फळबागांच्या पट्ट्यांत अनेक अस्तरित शेततळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरी व कूपनलिकांतून भरली जातात. अस्तरामुळे पाझर थांबतो, हे खरे. पण भूगर्भात उन्हापासून सुरक्षित असलेले आणि आसपासच्या सर्वांच्या विहिरींना आधार देणारे पाणी एका शेतकऱ्याच्या उघड्या तळ्यात येते व तेथून उडू लागते. बाग वाचविणाऱ्याची निकड नाकारता येत नाही, तथापि शेजारच्या विहिरीची पातळी त्याच उपशाने खालावते.

वाळूतील साठा

केनियातील किटुई व मचाकोस भागांत हंगामी नद्यांवर ठेंगणे पक्के बांध घालून मागे जाड वाळू साचू देतात. पाणी वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत राहते आणि पृष्ठभागाखाली अर्ध्या-पाऊण मीटरपेक्षा खोल असलेल्या पाण्याचे बाष्पीभवन अत्यल्प होते. साठ्याचा बराचसा भाग वाळूने व्यापल्यामुळे पाणी कमी मावते, परंतु ते टिकते. आपल्याकडे कोरड्या नदीपात्रात झिरे खणून पाणी काढतात ते याच नैसर्गिक साठ्यातून, आणि बेसुमार वाळूउपसा झालेल्या पात्रांत हे झिरे आटतात.