खर्जाचे ओझे

नटाच्या आवाजाला वजन आहे असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि तसे म्हणताना शेर-मणाची गोष्ट आपल्या मनातही नसते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मात्र हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा ठरावा अशी एक हकिकत घडून गेली आहे. ती काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या, अवजड अँप्लिफायरची हकिकत होय.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. (पैकी गडचिरोली स्वतंत्र झाला तो १९८२ साली, तोवर तो चंद्रपुरातच मोडे.) दिवाळी उलटून धान घरात आले, की येथे मंडई भरते, शंकरपटात बैल धावतात, आणि त्याच गावी रात्री नाटक उभे राहते. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांच्या कुशीत वाढलेली ही रंगभूमी रात्री पडदा उघडते तो पहाटेपर्यंत मिटत नाही. वडसा हे तिचे मुख्य ठाणे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येक रसिकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले असेल. त्यात उणेपणा कोणाचा, हे सांगावयास नको.

वीज येण्यापूर्वी या नाटकांचा सारा भार नटाच्या छातीवर आणि पायपेटीवर, म्हणजे ऑर्गनवर असे. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात मराठी संगीत नाटकात मानाला चढलेले हे वाद्य शहरांतून जवळजवळ नाहीसे झाले. झाडीपट्टीने ते टिकविले. पायाने भाता चालवावयाचा, दोन्ही हात स्वरांना मोकळे, आणि खालच्या सप्तकात असा भरीव घुमारा की हातपेटीने त्याच्या वाटेस जाऊ नये. परंतु ऑर्गनचे पोट उघडून पाहावे. वरच्या स्वराची पितळी पट्टी बोटाच्या पेरात मावेल. खर्जाची पट्टी लांब, आणि टोकाशी मुद्दाम जड ठेवलेली. जितका स्वर खाली तितके धातूचे वजन अधिक. सृष्टीचा हा नियम पुढे विजेच्या यंत्रालाही चुकविता आला नाही.

ध्वनिवर्धक आला तो आधी भोंग्याच्या रूपाने. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे (स्थापना १९४०) नाव तर देशभर भोंग्याशीच जोडले गेले. भोंग्याने आवाज दूरवर नेला खरा. पण त्याचा खालचा अर्धा भाग वाटेत सांडला. कर्ण्याच्या तोंडाचा घेर ध्वनिलहरीच्या लांबीशी जुळावा लागतो. दोन फूट रुंदीच्या तोंडातून सेकंदास पावणेदोनशे कंपनांच्या खालचा स्वर नीटसा बाहेर पडत नाही, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा त्याहून खालीच असतो. म्हणून भोंग्यातून गरजणारा कंस चिडक्या कारकुनासारखा ऐकू येई. डग्ग्याची तर केवळ टकटक उरे. हा तोटा भरून काढावयाचा तर मोठ्या लाकडी पेटीत बसविलेले रुंद स्पीकर हवेत, आणि त्यांना हलविणारे बळकट यंत्र हवे.

व्हॉल्व्हचे यंत्र जड का, याचे उत्तर त्यातील लोखंडात आहे. व्हॉल्व्ह वीज देतो ती मोठ्या दाबाची, पण बारीक धारेची. स्पीकरला हवी असते नेमकी याच्या उलट. ही अदलाबदल करावयास लोखंडी पत्र्यांचा आणि तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा लागतो. स्वर एक सप्तक खाली उतरला की त्याच दाबाला त्या लोखंडावर चुंबकत्वाचा भार दुप्पट पडतो. खर्ज पेलावयाचा असेल तर लोखंड वाढविल्यावाचून गत्यंतर नाही.

विलायतेतल्या वादकांनीही हाच कर भरला आहे. १९५१ साली अमेरिकेत फेंडरने बास गिटार विक्रीस काढली. तिच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदास सुमारे ४१, आणि त्या स्वराची हवेतील लहर आठ मीटरांहून लांब. अँपेग कंपनीने १९६९ साली तिच्यासाठी एसव्हीटी नावाचे यंत्र केले. त्यात १४ व्हॉल्व्ह, शक्ती ३०० वॅट, आणि नुसत्या माथ्याचे वजन सुमारे ३८ किलो. दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी पेटी निराळीच. तिकडचे जुने वादक आजही त्याची आठवण काढतात, कंबरेला हात लावून.

त्या आठवणीत निव्वळ भाबडेपणा नाही. शक्तीबाहेर काम पडले की ट्रान्झिस्टर लहरीचा शेंडा करवतीने कापावा तसा कापतो आणि कानाला खरखर लागते. व्हॉल्व्ह तोच शेंडा वाकवून गोल करतो. गाणारा तापला म्हणजे यंत्रही जणू त्याच्याबरोबर तापते. त्यातून निघालेला डग्गा छातीवर येऊन आदळतो. आणि थंडीने कुडकुडणाऱ्या प्रेक्षकाला पहाटे तीन वाजता जागे ठेवावयाचे असेल, तर या आदळण्याची किंमत कमी लेखू नये.

परंतु झाडीतली वाट संगीताची पर्वा करीत नाही. बंडीच्या धक्क्यांनी व्हॉल्व्हच्या आतील नाजूक जाळ्या निखळत. जनित्राची वीज खालीवर झाली की आवाज बसे. पेटीत चार-पाचशे व्होल्टचा दाब. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो दडून राही आणि अजाण हाताला झटका देई. उलट ट्रान्झिस्टरचे यंत्र मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाले. ज्या गावी विजेचा खांबच नाही, तेथे या एका गुणापुढे गोडव्याचा युक्तिवाद टिकणार कसा? आज तर ५०० वॅटचे यंत्र दोन-तीन किलोत बसते, आणि एका हातात लोंबकळत नेता येते.

वडशाजवळच्या एका गावी बिछायत केंद्राच्या पडवीत असे एक जुने धूड मी पाहिले. मालक वयस्क होता. मी शहरी उत्साहाने त्या नादाची स्तुती केली, हे जतन व्हावयास हवे असेही बोलून गेलो. त्याने ती सारी ऐकून घेतली आणि म्हणाला, "आवाज चांगला होता जी, पन उचलनार कोन?" तरुणपणी तोच उचलीत असे. आम्ही श्रोते खर्जाचा आनंद घेऊन पहाटे घरी जातो. पेटी बंडीवर चढविणाऱ्याचे नाव हस्तपत्रिकेवर नसते, आणि जुन्या नादासाठी हळहळणाऱ्या लेखांतही ते सहसा सापडत नाही. मला माझ्याच स्तुतीची थोडी शरम वाटली. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ऑर्गन काही हलका नव्हे. पण त्याला वीज लागत नाही आणि सुताराच्या हाताने तो दुरुस्त होतो, म्हणून त्याचे ओझे झाडीपट्टीने आनंदाने वाहिले. ओझ्याचा तिटकारा एवढेच कारण असते, तर तोही केव्हाच गेला असता.

निघताना पाहिले, तो अँप्लिफायरची पेटी रिकामी होती. तांब्याला भाव असूनही म्हाताऱ्याने ट्रान्सफॉर्मर मोडीत घातला नव्हता. अंगणात धानावर ताडपत्री पसरली होती, आणि वाऱ्याने ती उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर तो ठेवलेला होता.