चाकाची रुंदी आणि कुलाब्याचा रस्ता

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यानें अलिबागेहून चौल-रेवदंड्याकडे आणि पुढें काशीद-मुरुडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज ज्या मोटारी धांवतात, त्यांपैकीं कित्येकींच्या चाकांवर कारखान्यानें बसविलेला टायर नसतो. त्याहून थोडा रुंद टायर मालकानें मूळच्याच रिमवर चढविलेला असतो. ही हौस नव्या पिढीची आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः चाक किती रुंद असावें हा वाद मोटारीपेक्षां पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा निकाल केवळ मालकाच्या इच्छेनें कधींच लागलेला नाहीं. रिम, रस्ता आणि पाऊस या तिघांची संमति त्यास लागत आली आहे.

हा जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई. मोटारीपूर्वीं येथील रस्त्यांवर राज्य होतें तें बैलगाडीचें. गाडीच्या लांकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवीत, तिला धांव म्हणत. लोहार ती तापवून लाल करी, चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. निवतांना लोखंड आकसे व सारें चाक घट्ट आवळलें जाई. धांव अंमळ मोठी झाली तर ती सैल पडे, लहान झाली तर चाकावर चढतच नसे. धांवेचें माप चाकाशीं जुळलें पाहिजे हा पहिला धडा गांवच्या लोहारास पाठ होता.

दुसरा धडा रस्त्यानें शिकविला. अरुंद धांवेखालीं गाडीचा सारा भार थोड्या जागेवर पडतो आणि खडी-मुरुमाच्या रस्त्यांत ती चाकोरी कापीत जाते. चाकोरींत पाणी सांठतें व रस्ता उखडतो. इंग्लंडांत हाच अनुभव आल्यामुळें १७५३ सालीं पार्लमेंटानें कायदा करून पथकराच्या रस्त्यांवरील मोठ्या मालगाड्यांचीं चाकें नऊ इंच रुंद असावींत असें ठरविलें. हिंदुस्थानांत रस्त्यांचा प्रश्न हातीं घेण्यासाठीं १९२७ सालीं जी समिति नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशींतून १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते-निधि व १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निर्माण झाली. बैलगाडीच्या लोखंडी धांवेनें होणारी रस्त्यांची नासाडी हा त्या काळच्या अभियंत्यांपुढील एक मोठा प्रश्न होता, आणि गाडीस हवा भरलेले रबरी टायर लावावे हा त्यावरील एक उपाय पुढें आला.

हवेच्या टायराची कल्पना मात्र त्याहून जुनी. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. परंतु ती विस्मृतींत गेली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं ती नव्यानें शोधून काढली. १८९५ सालीं पॅरिस-बोर्दो शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेचे टायर लावलेली मोटार चालविली. मुंबईंत पहिल्या मोटारी अवतरल्या त्या १८९८ च्या सुमारास.

आरंभींचे हे टायर अरुंद व कठीण असत. त्यांत दर चौरस इंचास पन्नास-साठ पौंडांपर्यंत हवा भरावी लागे. आजच्या हौसेचें मूळ याच काळांत सांपडतें. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचा प्रचलित टायर ३० इंच उंच व साडेतीन इंच रुंद असे. उंचींतून रुंदीची दुप्पट वजा केली कीं रिमचा व्यास निघे: ३० वजा ७, म्हणजे २३ इंच. बाजारांत ३१ इंच उंच व ४ इंच रुंद असाही टायर मिळे. ३१ वजा ८, पुन्हां २३ इंचच! म्हणून जुन्याच रिमवर अर्धा इंच अधिक रुंदीचा टायर बिनतक्रार बसे. खराब रस्त्यांवर गाडी नेणारे हा मोठा टायर आवडीनें घेत.

१९२३ सालीं अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीनें ‘बलून’ टायर आणला. तो रुंद, पातळ कडांचा आणि निम्म्या दाबाच्या हवेवर चालणारा होता. प्रवास सुखाचा झाला. परंतु किंमत निराळ्या ठिकाणीं मोजावी लागली. सुकाणूचें चक्र जड झालें आणि पुढचीं चाकें विशिष्ट वेगास थरथरूं लागलीं. ‘मॉडेल टी’स १९२५ च्या सुमारास बलून टायर देऊं केले तेव्हां रिम लहान करून २१ इंचांची करावी लागली, आणि सुकाणूच्या दांत्यांचें प्रमाणही बदलून चारास एक याऐवजीं पांचास एक असें ठेवावें लागलें. रुंदी एक पायरी वाढवितां आली ती जुन्या रिमवर. त्यापुढें जातांच कारखान्यास सारी जुळणीच बदलावी लागली. इतिहासाचा हा दाखला विसरण्याजोगा नाहीं.

स्वातंत्र्यानंतर कोंकणच्या वाटेवर दिसूं लागल्या त्या अँबेसेडर व फियाट. फियाटची पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ती मुंबईच्या कुर्ल्यास तयार होई. तिच्या टायरावर ५.२०-१४ हे आंकडे असत: रुंदी ५.२० इंच, रिमचा व्यास १४ इंच. मिशेलिननें १९४६ सालीं पेटंट घेतलेला रेडियल टायर पुढें सर्वत्र रूढ झाला व टायराची रुंदी मिलिमीटरांत लिहिली जाऊं लागली. १६५/८० आर १४ याचा अर्थ रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०, रेडियल बांधणी आणि रिम १४ इंच.

आतां हिशेब पहावा. या टायराची एकूण उंची सुमारें ६२० मिलिमीटर भरते. त्याच रिमवर १८५/७० आर १४ चढविला तर उंची सुमारें ६१५, म्हणजे फरक शेंकडा एकाहूनही कमी. परंतु शेंकडा ८० हा आंकडा कायम ठेवून केवळ रुंदी १८५ केली, तर उंची ६५२ च्या घरांत जाते. मग वेगदर्शकाचा कांटा साठ दाखवीत असतां गाडी वस्तुतः त्रेसष्टानें धांवते, आणि वळणावर टायर आंतल्या पत्र्यास घांसण्याचा संभव असतो. रिमची स्वतःची रुंदीही पहावी लागते. पांच इंच रुंदीच्या रिमवर १८५ चा टायर चालतो. त्याहून बराच रुंद चढविल्यास त्याच्या कडा आंत ओढल्या जातात, मध्यभाग फुगतो आणि वळणावर गाडी डुलते.

या किनाऱ्यावर पावसाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. येथें वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सारा चार महिन्यांत. पाणी सांचलेल्या रस्त्यावर वेगानें जाणारा टायर पाण्याच्या थरावर तरंगूं लागतो. मग ब्रेकही चालत नाहीं व सुकाणूही. १९६० नंतर अमेरिकेच्या नासा संस्थेनें विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, टायरांतील हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगास तो तरंगतो. रुंद टायरास तर बाजूस सारावयाचें पाणीही अधिक असतें. कोरड्या सडकेवर व वाळूंत जी रुंदी उपयोगी पडते, तीच श्रावणांत कार्लेखिंडीच्या वळणावर वैरीण होऊं शकते. टायर झिजून त्याच्या खांचा उथळ झाल्या असतील तर धोका दुणावतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणींतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. टायर बदलण्यापूर्वीं कारखान्याच्या पुस्तिकेंत कोणतीं मापें मान्य आहेत तें पहावें. एकूण उंची, रिमची रुंदी आणि भार वाहण्याचा आंकडा हे तिन्ही जुळतात कीं नाहीं तें तपासावें. आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं खांचांची खोली व हवेचा दाब मोजून घ्यावा. इतकें पाहून रुंदी एक पायरी वाढविणाऱ्यास भिण्याचें कारण नाहीं. दुसरी पायरी चढूं पाहणाऱ्यानें मात्र आधीं रिम बदलावी.